मूल झोपेत अंथरूण ओले करते तेव्हा

पाच-सहा वर्षांचे मूल रात्री अंथरुणात शू करते म्हणून पालक काळजीत पडतात. 'आळशी आहे', 'मुद्दाम करते' असे घरात बोलले जाते. प्रत्यक्षात मूल गाढ झोपेत असते आणि शू झाल्याचे त्याला सकाळीच कळते. त्यामुळे ही सवयही नव्हे आणि खोडीही नव्हे.

कोणत्या वयापर्यंत हे सामान्य आहे?

पाच वर्षांपर्यंत रात्री शू होणे हा आजार मानला जात नाही. पाचव्या वर्षी साधारण १५ टक्के, तर दहाव्या वर्षी साधारण ५ टक्के मुलांना हा त्रास असतो. काहीही उपचार न करता दरवर्षी यातली सुमारे १५ टक्के मुले आपोआप बरी होतात. मुलींपेक्षा मुलग्यांमध्ये हे प्रमाण जास्त असते.

असे का होते?

बहुतेक वेळा तीन गोष्टी एकत्र येतात:

- रात्री लघवी कमी तयार व्हावी म्हणून मेंदूतून एक संप्रेरक स्रवते. काही मुलांमध्ये ते रात्री पुरेसे वाढत नाही.
- मूत्राशयात रात्रभराची लघवी मावत नाही.
- मूत्राशय भरल्याचा संदेश मिळूनही मुलाला जाग येत नाही.

आनुवंशिकतेचाही मोठा वाटा असतो. आई किंवा वडिलांना लहानपणी हा त्रास असेल, तर मुलाला तो होण्याची शक्यता बरीच वाढते. आजी-आजोबांना विचारून पाहा, बऱ्याचदा उत्तर घरातच सापडते.

बद्धकोष्ठता हे नेहमी दुर्लक्षिले जाणारे कारण आहे. साचलेल्या मळाचा मूत्राशयावर दाब पडतो. मूल दोन-तीन दिवसांआड, कुंथून, कडक शौच करत असेल तर आधी त्यावर उपचार करावा लागतो.

घरी काय करावे?

- पाणी बंद करू नका, त्याची वेळ बदला. अनेक मुले शाळेतले स्वच्छतागृह टाळण्यासाठी दिवसभर पाणी पीत नाहीत आणि घरी आल्यावर तहान भागवतात. दिवसभराचे बहुतेक पाणी संध्याकाळपूर्वी पोटात जायला हवे. झोपण्याआधी एक-दीड तास फक्त घोटभर पाणी पुरे.
- संध्याकाळनंतर चहा, कॉफी, कोला देऊ नका. रात्रीचे दूध जेवणाच्या वेळी द्या.
- दिवसा दर दोन-तीन तासांनी शू करायला पाठवा. शाळेत मधल्या सुट्टीत पाठवावे असे शिक्षकांना सांगून ठेवा.
- झोपण्याच्या अगदी आधी शू करायला लावा. संडासाच्या वाटेवर दिवा असू द्या. अंधाराच्या भीतीनेही मुले उठत नाहीत.
- गादीवर रबरी शीट घाला आणि सुकी चादर हाताशी ठेवा, म्हणजे रात्री आदळआपट होत नाही.
- कोरड्या रात्रीसाठी बक्षीस ठेवू नका, कारण ती मुलाच्या हातात नसते. झोपण्याआधी शू करणे, चादर बदलायला मदत करणे यासाठी शाबासकी द्या.

मध्यरात्री मुलाला उचलून नेल्याने त्या रात्रीची चादर वाचते, पण मूल स्वतः उठायला शिकत नाही. काळे तीळ आणि गूळ थोड्या प्रमाणात दिल्याने सहसा अपाय होत नाही, पण त्यावर विसंबून तपासणी टाळू नका.

हे कधीही करू नका

मारणे, चारचौघांत सांगणे, भावंडांशी तुलना करणे, चटक्याची धमकी देणे यामुळे त्रास कमी होत नाही. मूल मात्र घाबरते, आत्मविश्वास गमावते, सहलीला किंवा मामाकडे जायला नकार देते.

डॉक्टरांकडे कधी जावे?

सहा-सात वर्षांनंतरही त्रास सुरू असेल तर सवडीने दाखवा. पुढील लक्षणे असतील तर वय न पाहता लवकर जा:

- सहा महिने किंवा अधिक काळ कोरडे राहिलेले मूल पुन्हा अंथरूण ओले करू लागणे
- दिवसाही कपड्यात लघवी होणे, लघवीची धार बारीक असणे
- लघवी करताना जळजळ, ताप
- खूप तहान, वारंवार लघवी, वजन घटणे
- रोज जोरात घोरणे
- चालण्यात बदल, पायांत अशक्तपणा, कपड्यात शौच होणे
- चेहऱ्यावर किंवा पायांवर सूज

यातील तहान, लघवी आणि वजन घटणे हे त्रिकूट मुलांमधील मधुमेहाचे असू शकते. अशा वेळी पाणी कमी करू नका, त्याच दिवशी रक्तातील साखर तपासून घ्या. सोबत उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास किंवा सुस्ती असेल तर थेट रुग्णालय गाठा.

उपचार कोणते?

बहुतेक मुलांना लघवीची साधी तपासणी पुरते. सोनोग्राफी प्रत्येकाला लागत नाही. येताना दोन दिवसांची नोंद आणा: किती वाजता किती पाणी प्यायले, किती वेळा शू केली, शौचाला कधी झाली.

ओलावा लागताच वाजणारा अलार्म हा परिणामकारक उपाय आहे. सुरुवातीला मूल उठत नाही, पालकांनाच त्याला जागे करावे लागते. दोन-तीन महिने चिकाटी लागते. सलग १४ रात्री कोरड्या गेल्या की तो बंद करता येतो.

डेस्मोप्रेसिन या औषधाने रात्रीची लघवी कमी तयार होते. सहल किंवा मुक्कामासाठी ते उपयोगी पडते, मात्र बंद केल्यावर त्रास पुन्हा सुरू होऊ शकतो. गोळीच्या एक तास आधीपासून नंतरच्या आठ तासांपर्यंत पाणी अगदी कमी द्यावे लागते. नाहीतर रक्तातील सोडियम घटून झटके येऊ शकतात. म्हणून हे औषध डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्या.

आज रात्री झोपताना मुलाला एवढेच सांगा: 'यात तुझी चूक नाही. आपण मिळून यातून बाहेर पडू.'