ख्रिस्ती प्रार्थना आणि मराठी घर

कोल्हापुराहून बेळगांवच्या रस्त्याला लागलें म्हणजे दहा-बारा मैलांवर कागल येतें. राजर्षि शाहू महाराज ज्या घाटगे घराण्यांत जन्मले, त्या घराण्याची ही जहागीर. येथील गैबी पीराच्या उरुसाला हिंदु व मुसलमान दोघेही सारख्याच भावानें जातात. अशा गांवांतून पिठाच्या गिरण्या येण्यापूर्वीं पहांटेच्या प्रहरीं घरोघर जात्याची घरघर सुरू होत असे, आणि तिच्याबरोबर बायकांच्या ओव्या. सारें घर झोंपलेलें, दिवा मिणमिणता, ऐकणारें कोणी नाहीं. माहेर, पाठचा भाऊ, पंढरीचा विठोबा, सोसवत नसलेलें दुःख, सर्व कांहीं त्या ओवींत येई. मराठी माणसाची एकांतांतली प्रार्थना कोठें होती असें कोणीं विचारलें, तर देवळाच्या आधीं या जात्याकडे बोट दाखवावें लागेल.

मत्तयाच्या शुभवर्तमानांत ख्रिस्तानें प्रार्थनेविषयीं जो उपदेश केला आहे तो श्रोत्यांपैकीं अनेकांना ठाऊक असेल. लोकांनीं पाहावें म्हणून चवाठ्यावर प्रार्थना करूं नये. आंतल्या खोलींत जाऊन, दार लावून, गुप्तपणें करावी. उपदेश उत्तम, पण मराठी कुणब्याच्या घरीं ही आंतली खोली आणावी कोठून? एकाच सोप्यांत दहा माणसें, पलीकडे बैल बांधलेले. दार लावून घ्यावयाचें म्हटलें तरी बाहेर काढावें कोणाला? ज्या मराठी माणसांनीं हा धर्म पत्करला, त्यांच्यापुढें खरी अडचण होती ती ही. रविवारची उपासना मिशन शिकवील. परंतु सोमवारीं पहांटे जात्याच्या खुंट्याला हात घातल्यावर ओठांवर काय यावें?

ही अडचण प्रथम ओळखली ती गोव्यांत, एका इंग्रज जेझुइट पाद्र्यानें. फादर स्टीफन्स 1579 सालीं गोव्यास आला आणि आयुष्याच्या अखेरपर्यंत, म्हणजे 1619 पर्यंत, तेथेंच राहिला. जुनीं पुराणें तुम्हीं वर्ज्य केलींत, तर त्यांच्या जागीं आम्हांला दुसरें कांहीं कां देत नाहीं, असें एका नवख्रिस्ती ब्राह्मणानें विचारल्याचा प्रसंग त्यानें आपल्या ग्रंथांतच घातला आहे. तो ग्रंथ म्हणजे साष्टींतील रायतूर येथें 1616 सालीं छापलेलें ‘ख्रिस्तपुराण’. लिपि रोमन, पण भाषा मराठी आणि छंद ओवीचा. ओव्या सुमारें 11,000. तो पुन्हां 1649 व 1654 सालीं छापला गेला, यावरून लोकांनीं त्याला जवळ केलें हें उघड आहे. पुढें 1684 सालीं पोर्तुगीज सरकारनें देशी भाषा सोडून तीन वर्षांच्या आंत पोर्तुगीज बोलूं लागण्याचा हुकूम काढला. परक्या भाषेंतील प्रार्थना पाठ होऊं शकते. पण मनांतलें गाऱ्हाणें मनुष्याला आपल्याच बोलींत सुचतें, एवढी साधी गोष्ट सत्ताधाऱ्यांच्या ध्यानांत आली नाहीं.

कोल्हापुरांत अमेरिकन मिशनरी रॉयल वाइल्डर यांनीं काम आरंभिलें तें 1852 सालीं. तोंवर संपूर्ण मराठी बायबल छापून निघालें होतें. उपासनेचीं गीतें मात्र बहुधा विलायती चालींवर बसविलेलीं असत. शब्द मराठी, सूर परका. वाइल्डर यांचा मुलगा रॉबर्ट 1863 सालीं कोल्हापुरांतच जन्मला. वडील अमेरिकेस परतल्यावर प्रिन्स्टन येथील त्यांच्या घरीं रॉबर्ट विद्यार्थ्यांच्या बैठका भरवी, आणि त्याची बहीण ग्रेस त्याच वेळीं दुसऱ्या खोलींत बसून प्रार्थना करी, असें सांगतात. 1886 च्या उन्हाळ्यांत माउंट हर्मन येथें 100 विद्यार्थ्यांनीं परदेशीं सेवेस जाण्याचा निश्चय केला, आणि त्यांतून पुढें एक मोठी विद्यार्थी-चळवळ उभी राहिली. गुप्त प्रार्थनेचें बळ तें हें. पण त्या भावंडांना खोलीही होती आणि आईची भाषाही.

मराठी ख्रिस्ती माणसाला ती मिळाली रे. नारायण वामन टिळकांच्या हातून. नागपुराहून राजनांदगांवास जातांना आगगाडींत एका गोऱ्या प्रवाशानें त्यांना नवा करार दिला; त्यांतील डोंगरावरील प्रवचनानें त्यांचें चित्त वेधून घेतलें. 10 फेब्रुवारी 1895 रोजीं मुंबईंत त्यांचा बाप्तिस्मा झाला. तथापि त्यांच्या हातून खरें काम झालें तें पुढें, ते अभंगाकडे वळल्यावर. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या चरणांशीं आलों, असें ते म्हणत. ख्रिस्ताला ते माउली म्हणून हांक मारूं लागले. वारकऱ्याच्या अभंगांत देवाशीं भांडण असतें, रुसवा असतें, लाडही असतो. हें सारें आतां ख्रिस्ती भक्ताला मोकळें झालें. नेमून दिलेल्या प्रार्थनेंत तें कधींच मावलें नसतें. जुन्या धर्माचें वारें मागल्या दारानें आंत शिरतें कीं काय, अशी शंका कांहींना आली खरी. पण त्या शंकेंत फारसा अर्थ नव्हता. छंद हा कोणा एका देवाच्या मालकीचा नसतो. 1917 सालीं टिळकांनीं मिशनचा पगार सोडला व साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ स्थापिला. त्यांत बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, दोघांनाही जागा होती. 9 मे 1919 रोजीं ते वारले.

पंडिता रमाबाईंच्या केडगांवच्या मुक्तिसदनांत 1905 सालीं मुलींच्या सामुदायिक प्रार्थनेला जी भरती आली, तिची कीर्ति दूरवर गेली, टीकाही झाली. पण रमाबाईंनीं आयुष्याचीं अखेरचीं वर्षें खर्चिलीं तीं निराळ्याच कामांत. अल्पशिक्षित बाईला एकटीनें वाचून समजावें अशा सोप्या मराठींत त्यांनीं संपूर्ण बायबलाचें भाषांतर केलें. त्यांचा अंत 1922 सालीं झाला, आणि ग्रंथ 1924 सालीं निघाला.

अशा बाईचें उदाहरण टिळकांच्याच घरीं होतें. लक्ष्मीबाईंना अक्षरओळख करून दिली ती पतीनें. त्यांनीं धर्म बदलला तेव्हां मात्र त्या पतीमागून गेल्या नाहींत. सुमारें पांच वर्षें वेगळ्या राहिल्या, रडल्या, संतापल्या, सोंवळें-ओंवळें पाळीत राहिल्या. आणि मग जातिभेद देवाचा कीं माणसाचा, याचा आपल्याशींच विचार करून त्यांनीं तें सोंवळें टाकलें. बाप्तिस्मा घेतला तो 1900 सालीं. पतीच्या आज्ञेनें घेतला असता तर पांच वर्षांपूर्वींच झाला असता. टिळकांनीं ओवीछंदांत ‘ख्रिस्तायन’ हें काव्य आरंभिलें होतें. थोडेच अध्याय झाले आणि तें राहून गेलें. संसारांतील अडचणींतून वाट काढीत लक्ष्मीबाईंनीं तें पुढें चालविलें, आणि त्याचा बहुतेक भाग त्यांच्याच हातचा आहे. 1936 सालीं त्या वारल्या, आणि दोन वर्षांनीं ‘ख्रिस्तायन’ छापून बाहेर आलें.