खाचेच्या कोपऱ्यातील भेग

नांदेड किंवा लातूरच्या शाळेत स्नेहसंमेलनासाठी एखादी इलेक्ट्रिक गिटार आणली जाते आणि कुणाला तरी तिच्या दांडीच्या सांध्याजवळ केसासारखी बारीक रेघ दिसते. वाद्य मोडले, असा निष्कर्ष लगेच निघतो. भेग लाकडाला गेली आहे की वरच्या लेपाला, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. तो सोडवायचा तर आपल्याला तीन निरनिराळे इतिहास एकत्र पाहावे लागतील: सांध्याचा, लेपाचा आणि भेगेच्या शास्त्राचा.

आधी सांधा पाहू. मिरजेचे कारागीर सतार-तंबोऱ्याचा भोपळा आणि दांडी यांच्यामध्ये ‘गुलू’ नावाचा लाकडी भाग बसवतात, सरसाने जोडतात आणि सांध्यावर कोरीव पाने लावतात. सांधा कायमचा असतो. अमेरिकेत लिओ फेंडर या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गृहस्थाने वेगळा विचार केला. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नसे, पण बिघडलेला भाग बदलता यावा, हे दुरुस्तीवाल्याचे तत्त्व त्याला ठाऊक होते. 1950 साली त्याने बाजारात आणलेल्या गिटारीत धडाला एक खाच होती, तीत दांडी बसवून मागून चार स्क्रूंनी आवळलेली होती. असा सांधा त्याआधीही काहींनी वापरला होता, पण तो कारखानदारीत रुजला तो येथून.

लेपाचा इतिहास याहून जुना आहे. 1846 साली शोनबाइनने कापसावर नायट्रिक व सल्फ्युरिक आम्लांची क्रिया करून तयार केलेला स्फोटक पदार्थ जाहीर केला. याच नायट्रोसेल्युलोजच्या कुटुंबातून पुढे चित्रपटाची फीत आली. दादासाहेब फाळक्यांचा 1913 सालचा ‘राजा हरिश्चंद्र’ अशाच फितीवर होता. 1920 च्या दशकात त्याचे लॅकर मोटारींवर आले आणि रंग वाळण्याचा काळ आठवड्यांवरून तासांवर आला. गिटारींनी हे लॅकर मोटारींकडूनच घेतले. मात्र त्यातील द्रावक वर्षानुवर्षे थोडा थोडा उडत राहतो. लेप आकसतो, पिवळा पडतो, ठिसूळ होतो. 1960 च्या दशकाच्या अखेरीस पॉलिएस्टरचा जाड, कठीण लेप आला. तो जुन्या लॅकरसारखा झिजत नाही, पण लाकडाबरोबर वाकतही नाही.

राहिले भेगेचे शास्त्र. 1913 सालीच केंब्रिजच्या इंग्लिस यांनी गणिताने दाखवले, की ताणलेल्या पत्र्यात छिद्र असले तर ताण त्याच्या कडेशी एकवटतो. वर्तुळाकार छिद्राच्या कडेशी तो 3 पट होतो. ताणाच्या दिशेला आडवे, रुंदीच्या 10 पट लांब असे लंबवर्तुळाकार छिद्र असेल, तर टोकाशी तो 21 पट होतो. कोपरा जितका टोकदार तितका ताण अधिक. 1954 साली कॉमेट जातीची दोन विमाने आकाशात फुटली. तपासात धातूच्या थकव्याने पडलेल्या भेगा आढळल्या आणि विमानाच्या कवचातील झरोक्यांच्या कोपऱ्यांचा धोका साऱ्या जगाला कळला.

आता गिटारीकडे येऊ. खाचेचे कोपरे म्हणजे हेच टोकदार कोपरे. सहा तारांचा ओढा साधारण 40 ते 45 किलो वजनाइतका असतो आणि तो दांडीला पुढे झुकवू पाहतो. त्यात मराठवाड्याचे हवामान. मे महिन्यात पारा चाळिशीपलीकडे आणि हवा कोरडी. जुलैत हवा दमट. लाकूड तंतूंच्या दिशेने फारसे फुगत नाही, आडवे मात्र फुगते. दांडीचे आणि धडाचे लाकूड वेगळे असल्यास सारखे फुगत नाही. उन्हाळ्यात घट्ट बसलेली दांडी पावसाळ्यात पाचरीचे काम करू शकते. लाकूड थोडे फाकते आणि परत येते, पण ठिसूळ लेपाला तेवढे फाकणेही सोसत नाही. म्हणून पुष्कळदा लेप तडकतो आणि लाकूड शाबूत राहते.

पुष्कळदा, नेहमी नव्हे. धडातील स्क्रूची भोके अरुंद असतील तर आटे लाकूड वर ओढतात. वाद्य पडले असेल तर लाकूडही चिरते. म्हणून तपासणी हवी. तारा सैल करून दांडी काढा आणि खाचेच्या आतल्या, लेप नसलेल्या भिंतीवर तीच रेघ दिसते का ते पाहा. दिसली, किंवा हलक्या दाबाने रेघ उघडली, तर वाद्य कारागिराकडे न्यावे. यांपैकी काहीच दिसले नाही, तर रेघेच्या टोकाशी पेन्सिलीने खूण करून तारीख लिहावी.

वर्गात हे सहज करून दाखवता येते. कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. एकीच्या कडेला टोकदार खाच कापा, दुसरीच्या कडेला तेवढ्याच खोलीची गोल खाच. दोन्ही हळूहळू ताणा. कोणती आधी फाटते ते विद्यार्थ्यांनाच सांगू द्या. आणि गिटारीवरील पेन्सिलीची खूण पुढच्या पावसाळ्यानंतर पुन्हा पाहा. रेघ तिच्यापुढे गेली नसेल, तर ते वाद्य निःशंकपणे वाजवायला द्यावे.