खंड कोठे पडला?

दिल्लीच्या इतिहासात तख्तांची उलथापालथ, तह आणि वेढे यांचा वृत्तांत विपुल आहे; परंतु त्या तख्तांवरून सुटणारी आज्ञापत्रे आणि त्यांच्याकडे येणारी वर्तमाने ज्या मार्गांनी चालत, त्या मार्गांचा, आणि विशेषतः ते मार्ग मध्येच खुंटले असता खंड नेमका कोणत्या टप्प्यावर पडला हे हुडकून काढणाऱ्या माणसांचा वृत्तांत फारसा कोणी लिहून ठेवलेला नाही. आज नोएडात, गुरुग्रामात किंवा करोलबागेतल्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या गृहस्थाच्या स्मार्टफोनवर वाय-फायची खूण तर पूर्ण दिसते, पण पत्र जात नाही आणि पैसेही पोहोचत नाहीत, तेव्हा दोष फोनचा, घरातल्या राउटरचा, की राउटरपलीकडच्या तारेचा, असा जो विचार त्याला क्रमाने करावा लागतो, तो विचार या नगरीत स्मार्टफोनबरोबर आलेला नाही. त्याची वंशावळ पुष्कळ मागे जाते, आणि ती मांडून पाहण्याची माझी फार दिवसांची इच्छा आहे.

मराठी वाचकाला या वंशावळीचा आरंभ पेशवाईच्या दफ्तरांतच सापडेल. हिंगणे घराण्यातील वकील दिल्लीत राहून पेशव्यांच्या दरबारी उत्तरेचे वर्तमान धाडीत, आणि ते वर्तमान जासुदांच्या पायांवर विसंबून असे. १७६० च्या ऑक्टोबरात अब्दाली बागपतनजीक यमुना उतरला आणि दिल्ली व भाऊसाहेबांचा लष्करी तळ यांच्या मधोमध येऊन बसला, तेव्हा मराठ्यांचा नुसता रसदीचा रस्ता तुटला असे नव्हे, तर पत्रांचाही तुटला. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे घडले ते उत्तरेकडे कूच करीत आलेल्या नानासाहेब पेशव्यांना प्रथम कळले ते एका सावकाराच्या पत्रातून, हे आपण शाळेत शिकतो. परंतु त्या प्रसंगातील एक गोष्ट आपण सहसा ध्यानात घेत नाही, ती ही की सरकारी डाकेचा मार्ग मुका झाला असतानाही सावकारीचा मार्ग चालू होता, आणि म्हणून एका मार्गावर शांतता पसरली तर ती शांतता मार्गाची की मुलखाची, हे दुसऱ्या मार्गाने पडताळून पाहता येत होते. वाय-फाय बंद करून मोबाइल डेटावर तेच पान उघडून पाहणारा मनुष्य हीच तपासणी करीत असतो.

यापुढचा टप्पा मात्र अधिक काटेकोर आहे, आणि माझ्या मते दिल्लीच्या या कलेचा तोच खरा प्रारंभ होय. डॉ. विल्यम ओशॉनेसी यांच्या देखरेखीखाली उभारलेली विद्युत्‌तार १८५५ मध्ये सर्वसामान्य लोकांना खुली झाली होती, आणि दिल्लीचे तारघर काश्मिरी दरवाजाबाहेर, शहर आणि छावणी यांच्या दरम्यान, एका बंगल्यात होते. तेथे चार्ल्स टॉड हे प्रमुख, आणि विल्यम ब्रेंडिश व पिल्किंग्टन हे दोन तरुण सिग्नलर काम पाहत. १० मे १८५७ चा दिवस रविवार होता. दुपारी तारघर बंद असे, आणि चार वाजता ते पुन्हा उघडले तेव्हा मेरठकडून उत्तर येईना. अंबाल्याची तार मात्र सुरळीत चालू होती. टॉड यांनी दोघा तरुणांना यमुनेच्या पात्रातून नेलेल्या केबलपाशी पाठविले. तेथून त्यांना दिल्लीच्या तारघराशी बोलता आले. मेरठशी बोलता आले नाही. यावरून दिल्ली ते केबल हा भाग निर्दोष आहे, बिघाड केबलच्या पुढे मेरठच्या बाजूस आहे, एवढे निश्चित झाले. संध्याकाळ होत आली होती म्हणून सकाळी स्वतः जाऊन तार तपासण्याची तजवीज टॉड यांनी केली. ११ मेच्या सकाळी ते यमुनेकडे निघाले आणि परत आले नाहीत. मेरठहून रातोरात आलेल्या स्वारांच्या हातून ते मारले गेले. जी तार ते जोडावयास निघाले होते, ती ज्या उठावामुळे मुकी झाली होती, तोच उठाव त्यांना वाटेत भेटला.

इंग्रज इतिहासकारांनी त्या दिवशी उरलेल्या दोघांनी अंबाल्याला पाठविलेल्या संदेशाचे मोठे गुणगान केले, कारण त्या संदेशामुळे पंजाबातील अधिकारी सावध झाले आणि १३ मे रोजी लाहोरनजीक मियाँमीर येथे देशी पलटणींची शस्त्रे काढून घेण्यात आली. १९०२ मध्ये तारखात्याने काश्मिरी दरवाजाजवळ जो दगडी स्तंभ उभारला, तोही त्याच सेवेच्या स्मरणार्थ. ज्या लोकांविरुद्ध तो संदेश वापरला गेला त्यांच्याविषयी माझ्या मनात आदर आहे, आणि त्यामुळे त्या गुणगानात मला सूर मिळवता येत नाही. परंतु आदल्या संध्याकाळची ती केबलजवळची तपासणी ही कोणत्याही पक्षाची मिरास नव्हे. लांबलचक मार्गाच्या मधल्या एका बिंदूवर उभे राहून दोन्ही दिशांना हाक द्यावयाची, ज्या दिशेने उत्तर येईल तो अर्धा भाग संशयातून मुक्त करावयाचा, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचे पुन्हा तसेच दोन भाग करावयाचे: या रीतीहून खात्रीची रीत आजतागायत कोणालाही सापडलेली नाही.

तारेच्या जागी बिनतारी आली तेव्हा ही रीत अवघड झाली, कारण आकाशातून जाणाऱ्या लहरीच्या मध्यावर जाऊन उभे राहता येत नाही. शिवाय सरकारने त्या आकाशालाच परवान्याच्या कक्षेत आणले. १८८५ च्या तारविषयक कायद्याने संदेशवहनाचा मक्ता सरकारकडे घेतला होताच; १९३३ च्या बिनतारी कायद्याने परवान्यावाचून बिनतारी यंत्र नुसते जवळ बाळगणे हाही गुन्हा ठरविला. १ जानेवारी १९३६ रोजी दिल्लीचे नभोवाणी केंद्र सुरू झाले, आणि रेडिओ विकत घेणाऱ्या प्रत्येक कुटुंबास डाकघरात जाऊन वार्षिक शुल्क भरून त्याचा परवाना घ्यावा लागे. पुढे दिल्लीहून प्रक्षेपित होणारी मराठी बातमीपत्रे विदर्भापासून कोकणापर्यंत ज्यांनी कान देऊन ऐकली, त्यांच्या घरी ते परवान्याचे पुस्तक कपाटात जपून ठेवलेले असे.

या काळात बिघाड शोधणारा जो नवा कारागीर निर्माण झाला तो रेडिओ मिस्त्री. फाळणीनंतर निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी लाल किल्ल्यासमोर जे लाजपतराय मार्केट वसले, ते पुढे रेडिओच्या सुट्या भागांचे उत्तर हिंदुस्थानातील एक प्रमुख पेठस्थान झाले. गच्चीवरची एरियलची तार, जमिनीत पुरलेली अर्थिंगची तार आणि पेटीतले चार-पाच वाल्व, एवढ्या साहित्यात दोष कोठे आहे हे ठरविताना जाणता मिस्त्री लाउडस्पीकरपासून मागे मागे येई. शेवटच्या वाल्वच्या ग्रिडला पेचकसाचे टोक लावताच स्पीकरमधून घुर्र असा आवाज आला, तर तिथपासून पुढे सारे ठीक; मग एक टप्पा मागे. ज्या टप्प्यावर तो आवाज उमटेनासा होई तेथे दोष. ब्रेंडिश आणि पिल्किंग्टन यांचे नावही न ऐकलेले हे कारागीर त्यांचीच परीक्षा दोन वीत लांबीच्या पेटीत करीत होते, याचे मला नेहमी मोठे कौतुक वाटते.

३१ जुलै १९९५ रोजी कोलकात्याच्या रायटर्स बिल्डिंगमधून पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू यांनी दिल्लीच्या संचार भवनात केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशी मोबाइलवर संभाषण केले, आणि त्याच वर्षी दिल्लीतही ही सेवा सुरू झाली. तिच्या बंदोबस्तासाठी देशाचे जे सर्कल पाडण्यात आले, त्यांतील दिल्ली सर्कलमध्ये उत्तर प्रदेशातील नोएडा व गाझियाबाद आणि हरियाणातील गुरुग्राम व फरिदाबाद यांचाही समावेश झाला. ज्याला आपण आज राजधानी क्षेत्र म्हणतो, त्याची एकी दूरसंचारापुरती तरी तेव्हाच झाली होती. त्या सीमेपलीकडे पाऊल टाकले की रोमिंगचा वेगळा आकार भरावा लागे. प्रारंभीची कित्येक वर्षे आलेल्या कॉलचेही पैसे पडत, ते २००३ मध्ये थांबले. करोलबागेतील गफ्फार मार्केट, जे फाळणीनंतर निर्वासितांनी वसविले आणि परदेशी मालासाठी प्रसिद्ध झाले, ते याच सुमारास मोबाइलदुरुस्तीचे माहेरघर बनले.

वाय-फायच्या इतिहासात मात्र दिल्लीहून निघालेली एक अधिसूचना निर्णायक ठरली. जानेवारी २००५ मध्ये केंद्र सरकारने २.४ गिगाहर्ट्‌झचा पट्टा अल्पशक्तीच्या यंत्रांसाठी परवानामुक्त केला. १९३३ पासून ज्या आकाशावर सनदेवाचून कोणासही हक्क नव्हता, त्याचा एक लहानसा तुकडा गावरानासारखा सर्वांना मोकळा झाला. हा निर्णय झाला नसता तर घरोघरी राउटर बसणे शक्यच नव्हते. परंतु मोकळ्या जागेवर कोणाचाही विशेष अधिकार नसल्यामुळे तेथे झालेल्या गर्दीविरुद्ध फिर्यादही करता येत नाही. त्या पट्ट्याची एकूण रुंदी ८३.५ मेगाहर्ट्‌झ, आणि त्यात एकमेकांवर आक्रमण न करणाऱ्या वाहिन्या उण्यापुऱ्या तीन: पहिली, सहावी आणि अकरावी. इंदिरापुरम किंवा द्वारका येथील एखाद्या गगनचुंबी इमारतीत प्रत्येक मजल्यावर चार-चार राउटर या तीन वाहिन्यांवर दाटीवाटीने बोलत असतात. त्यातच ब्लूटूथ आणि मायक्रोवेव्ह भट्टीही त्याच पट्ट्यात वावरतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये ५ गिगाहर्ट्‌झचा विस्तीर्ण भाग मुक्त झाल्यावर ही कोंडी पुष्कळ सुटली. परंतु त्या लहरी भिंतीपुढे लवकर नमतात. शाहजहानाबादेतील हवेल्यांच्या जाड विटांच्या भिंती, किंवा उन्हाळ्यात खिडकीत बसविलेला पाण्याने भिजलेल्या जाळ्यांचा लोखंडी कूलर, यांच्यापलीकडे त्या क्षीण होतात. म्हणूनच एका खोलीत धावणारा फोन शेजारच्या खोलीत खुंटतो, आणि त्यात फोनचा काडीमात्र दोष नसतो.

गफ्फार मार्केटमधला जाणता मिस्त्री फोन उघडण्याआधी हेच सारे विचारतो. घरातले दुसरे फोन त्याच वाय-फायवर चालतात काय? चालत असतील तर राउटर आणि त्यामागची तार निर्दोष. हाच फोन दुकानातल्या वाय-फायवर चालतो काय? चालत असेल तर फोनही निर्दोष, आणि बिघाड या दोघांच्या परस्परांतील ओळखीत आहे: बदललेला पासवर्ड, किंवा राउटरने देऊ केलेला पत्ता दुसऱ्याच यंत्राकडे असणे. त्यावर फोनमधील ते नेटवर्क पुसून पुन्हा नव्याने जोडणे आणि राउटर क्षणभर बंद करून चालू करणे एवढाच उपाय पुरतो. कधी फोनवरची तारीखच चुकलेली असते. मग जोडणी होते, परंतु सुरक्षित पाने उघडत नाहीत, कारण त्यांच्या प्रमाणपत्रांची मुदत त्या चुकीच्या तारखेशी जुळत नाही. हे सारे पाहून झाल्यावर, आणि वाय-फायचे बटणच करडे पडून दाबले जात नसेल तरच, मिस्त्री फोन उघडतो. त्याच्या बोलीत त्याला ‘वाय-फाय ग्रे’ म्हणतात, आणि त्याचे कारण बहुधा फोन आपटल्याने किंवा पाणी शिरल्याने वाय-फायच्या आयसीखालचा झाळ सुटणे हे असते. सूक्ष्मदर्शकाखाली मल्टीमीटरने एकेक टोक तपासीत, गरम हवेच्या झोताने ती आयसी उचलून नव्या झाळावर बसविण्याचे हे काम पाहण्यासारखे आहे. आणि इतक्या नाजूक कामाची मजुरी अगोदर विचारलेल्या दोन प्रश्नांनी अनेक गिऱ्हाइकांची वाचवली जाते, ही गोष्ट या बाजाराच्या प्रामाणिक लोकांच्या बाजूने आवर्जून सांगितली पाहिजे.

ज्यांना हे प्रश्न विचारणारा कोणी भेटत नाही ते बूस्टर विकत घेतात. तळघरातले दुकानदार आणि अतिथिगृहांचे मालक मोबाइलची लहर वाढावी म्हणून छपरावर हे यंत्र परवान्यावाचून बसवितात. त्याने त्यांचे काम भागते, परंतु आसपासच्या टॉवरच्या ग्रहणात गोंगाट माजून सगळ्या मोहल्ल्याचे कॉल तुटू लागतात. दूरसंचार विभागाची बिनतारी निरीक्षण संघटना, जिचे मुख्यालय दिल्लीतच आहे, दिशादर्शक अँटेना घेऊन गल्लीगल्लीतून अशा यंत्रांचा माग काढते व ती उतरविते. या तपासाचा आधार १८८५ आणि १९३३ चे तेच कायदे होते. २०२३ चा दूरसंचार कायदा त्यांची जागा घेण्यासाठी करण्यात आला आहे.

१४ जुलै २०१३ रोजी जनपथावरील तारघराने अखेरच्या तारा स्वीकारल्या आणि सरकारी तारसेवा संपली. मिस्त्रींची परंपरा मात्र वाढते आहे. बिहार आणि उत्तर प्रदेशातून आलेली मुले करोलबागेत काही महिने उमेदवारी करतात, प्रथम नुसते स्क्रू काढणे आणि झाळ पुसणे, मग मल्टीमीटर, आणि सर्वात शेवटी गिऱ्हाइकाला काय विचारावे हे. मग ती लक्ष्मीनगरात, गाझियाबादेत, किंवा परत आपल्या गावच्या बसस्थानकासमोर स्वतःची टपरी टाकतात.