भिंतीआडची वायर

वायरिंगचे आपले पहिले नियम ब्रिटनमधल्या इंजिनिअरांच्या संस्थेने काढले १८८२ साली. पण घरात काय वायरिंग केलं हे सरकारदरबारी कळवायची सक्ती इंग्लंड-वेल्समध्ये आली थेट १ जानेवारी २००५ला! नियमाचं नाव 'पार्ट पी'.

त्याच्या आदल्याच वर्षी खासदार जेनी टाँग यांची मुलगी स्वयंपाकघरात शॉक लागून गेली. भिंतीतली केबल सरळ न नेता तिरकी नेलेली आणि धातूच्या रॅकचा स्क्रू नेमका तिला लागलेला. भिंतीआडचं काम बघणार कोण?

नव्या नियमात स्वयंपाकघर, बाथरूममधलं बरंचसं काम कौन्सिलला आधी कळवायचं, नाहीतर नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनकडून करून घ्यायचं. तो स्वतःच सर्टिफाय करतो.

मग एप्रिल २०१३मध्ये इंग्लंडने यादी छाटली. उरलं काय? नवीन सर्किट, फ्यूजबॉक्स बदलणं आणि शॉवर-टबजवळची वगैरे कामं. निव्वळ स्वयंपाकघरातलं आहे म्हणून कळवायची अट गेली! (वेल्सने ती ठेवली.) काम सुरक्षितच हवं, हे बंधन अर्थात कायम आहे.

एरवी ऑफिसात एखादी प्रोसेस कमी झाली की मी सगळ्यात आधी टाळ्या वाजवतो. हे वाचून मात्र हात उचलले नाहीत.