मनमाडची परिषद आणि फुल-स्टॅक शिकणारी आपली पिढी



नांदगाव तालुक्यात शिकणाऱ्या प्रत्येक मुलामुलीला एक तारीख पाठ असायला हवी. 12 आणि 13 फेब्रुवारी 1938. याच तालुक्यातल्या मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतील अस्पृश्य कामगारांची परिषद भरली. अध्यक्ष होते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ब्राह्मण्य आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, हे त्यांनी इथेच ठणकावून सांगितले. हा विचार आपण भाषणात नेहमी सांगतो. पण त्याच वेळी बाबासाहेबांनी रेल्वेतल्या नोकऱ्यांचा जो हिशोब मांडला, तो विसरतो. आज विद्यापीठात वेब प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्यांनी तोच भाग आधी वाचावा.

हिशोब असा होता. आपला माणूस रेल्वेत लागला तर गँगमन म्हणून, आणि निवृत्त होईपर्यंत गँगमनच. पोर्टर म्हणून त्याला सहसा घेत नसत, कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागत आणि तिथे विटाळ आड येई. कारखान्यात तो कुली, मेकॅनिक क्वचितच. मुंबईच्या गिरण्यांतही तेच. विणकाम खात्यात कमाई जास्त, पण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे, म्हणून ते दार बंद. यंत्र नवे आले, पण जुनी उतरंड त्या यंत्रावर जशीच्या तशी चढवली गेली. जात ही केवळ श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, हे बाबासाहेबांनी 1936 मध्ये ‘ॲनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये मांडले होते. मनमाडला त्यांनी त्याचा पुरावा समोर ठेवला.

आता आजच्या यंत्राकडे या. वेबसाइटलाही थर असतात. समोर दिसतो तो पडदा, म्हणजे फ्रंटएंड. त्यामागे नियम चालवणारा सर्व्हर, म्हणजे बॅकएंड. सर्वांत खाली माहिती साठवणारा डेटाबेस. पीएचपी, जावास्क्रिप्ट आणि मायएसक्यूएल ही तिन्ही साधने 1995 साली आली. जावास्क्रिप्ट बरीच वर्षे मुख्यतः ब्राउझरपुरतीच राहिली. 2009 मध्ये नोड.जेएस आले आणि तीच भाषा सर्व्हरवर सर्रास चालू लागली. एकच माणूस वरपासून खालपर्यंत सगळे थर बांधू शकतो, यालाच फुल-स्टॅक म्हणतात. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या एकाच थरावर डांबून ठेवले, त्यांच्यासाठी या शब्दाचा अर्थ फार मोठा आहे.

कोणी म्हणेल, कोडला जात नसते. बरोबर. रुळालाही जात नव्हती. रुळावर कोणी राबायचे आणि स्टेशनात कोणी बसायचे, हे मात्र जातीने ठरवले. आज कंत्राटी डेटा एंट्री हे गँगमनचे नवे रूप होऊ शकते. शिष्यवृत्तीचा, दाखल्याचा, नोकरीचा अर्ज आपण ऑनलाइन भरतो. त्या अर्जात कोणता रकाना असावा, कोणता अर्ज परत पाठवावा, हे नियम कोणीतरी बसून लिहिते. आपण फक्त अर्ज भरणारेच राहायचे का?

बाबासाहेबांनी हा धोका तेव्हाच ओळखला होता. 1942 मध्ये त्यांनी व्हाइसरॉयला निवेदन दिले. त्यात विज्ञान आणि तंत्रशिक्षण घेणाऱ्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी देशात वर्षाला 2 लाख आणि परदेशी शिक्षणासाठी 1 लाख रुपये मागितले. सरकारी छापखाने आणि रेल्वे कारखान्यांत शिकाऊ उमेदवार म्हणून आपली मुले घ्या, हीही मागणी केली. 1944 मध्ये अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या महाविद्यालयांत बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स किंवा बीबीए (सीए) करणाऱ्या आपल्या मुलामुलींच्या फीमागे हा इतिहास उभा आहे.

म्हणून तो प्रवेश वाया घालवू नका. जर्नल उतरवून आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट विकत घेऊन पदवी मिळेल, हात तयार होणार नाही. वस्तीतल्या वाचनालयाची एक साधी नोंदवही वेबवर बांधा. लॉगिन, पुस्तकांची यादी, देवघेव, सगळे थर स्वतः लिहा. वरची साधने फुकट आहेत. लॅपटॉप, वेळ आणि इंग्रजीची अडचण मात्र खरी आहे, आणि ती एकट्याने सुटत नाही. विहारात चार जणांत एक लॅपटॉप ठेवून अभ्यास मंडळ चालवता येते. जो पुढे गेला त्याने मागच्याला शिकवावे.

आणि एक भ्रम नको. कौशल्य आले म्हणून शत्रू संपत नाही. खासगी कंपनीत आरक्षण नाही, कंत्राट आहे. मनमाडला जमलेले कामगार हातात काम असूनही संघटित झाले, कारण नुसत्या कामाने माणसाला बढती मिळत नव्हती. कोड शिका, सगळे थर शिका, पण परिषद विसरू नका.

जय भीम!