साहामा

साहामा : बोलिव्हियातील सर्वोच्च शिखर. उंची ६,५४२ मी. ओरुरो विभागात, चिलीच्या सरहद्दीजवळ. पायथ्याचे पठारच सु. ४,२०० मी. उंच असून त्यावर हा मृत ज्वालामुखी एकटा उभा दिसतो. पश्चिमेस पारिनाकोता व पोमेरापे ही जोडशिखरे आहेत.

आयमारा भाषेत ‘चाक खान्या’ हे नावही आढळते. ‘साहामा’च्या व्युत्पत्तीबद्दल एकमत नाही. लोककथेनुसार इल्यिमानी पर्वताशी बरोबरी करू पाहणाऱ्या मुरुराता पर्वताचे शिर गोफणीच्या धोंड्याने उडाले. ते ‘सार्हाम’ (चालता हो) या शब्दासरशी इथे येऊन पडले, तेच साहामा. मुरुराताचा माथा खरोखरच सपाट आहे. आयमारा लोक या पर्वताला ‘आचाचिला’, म्हणजे रक्षणकर्ता पूर्वज मानतात.

शास्त्रीय दृष्ट्या साहामाचे मोल त्याच्या बर्फात आहे. १९९७ मध्ये हिमनदीशास्त्रज्ञ लॉनी थॉम्पसन यांच्या पथकाने माथ्यावरील हिमटोपीत थेट खडकापर्यंत छिद्रे पाडून बर्फाचे दोन गाभे काढले; प्रत्येकाची लांबी १३२ मी.हून अधिक भरली. तळाजवळच्या थरांत गोठून राहिलेल्या सेंद्रिय अवशेषांचे कार्बन-१४ मापन झाल्याने सु. २५,००० वर्षांचा कालक्रम हाती आला. उष्ण कटिबंधातील बर्फात वय ठरवता येईल असे अवशेष मिळणे दुर्मीळ, म्हणून हे गाभे विशेष मोलाचे. हिमयुगातील थरांत धूळ कमी आहे. त्या काळी हवा थंड व दमट होती आणि पठाराचा मोठा भाग सरोवरांखाली होता. पुढे ती आटली, खारी मैदाने उघडी पडली आणि वाऱ्याबरोबर धूळ व क्षार माथ्यापर्यंत पोचू लागले. आज हिमटोपी आक्रसत आहे. ज्या थरांचे नमुने घेतलेले नाहीत, त्यांतील नोंद वितळल्यावर कायमची जाईल.

उतारांवर केन्युआ (पॉलिलेपिस टारापाकाना) ही खुजी झाडे सु. ५,२०० मी.पर्यंत वाढतात; जगातील सर्वांत उंचावरील वनांत त्यांची गणना होते. लालसर साल पापुद्र्यांनी सुटते. जळणासाठी तोड झाल्याने १९३९ मध्ये येथे राष्ट्रीय उद्यान स्थापन झाले. ते बोलिव्हियातील पहिले. व्हिकुन्या हा येथील प्रमुख वन्यपशू.

१९३९ मध्येच योजेफ प्रेम व विल्फ्रिड क्यूम यांनी शिखराचे पहिले आरोहण केले. २००१ मध्ये माथ्यावर फुटबॉलचा सामना झाला.

परिसरातील पठारावर मैलोन्मैल सरळ जाणाऱ्या प्राचीन पाऊलवाटा आहेत. त्या ‘साहामा रेषा’ म्हणून ओळखल्या जातात.