घरचं जातं आणि गावची गिरणी: अमेरिकेतल्या क्लाऊडची गोष्ट

मंडळाच्या गणेशोत्सवाचे फोटो आता ‘क्लाऊडवर’ असतात. मुलांचा गृहपाठ, घराच्या कर्जाची कागदपत्रं, पुण्या-नागपूरच्या नातेवाइकांशी होणारे व्हिडिओ कॉल, सगळं तिकडेच. भारतातून आलेल्या आजी-आजोबांनी ‘हे क्लाऊड नक्की असतं तरी कुठे?’ असं विचारलं, की आपण हसून वेळ मारून नेतो. खरं उत्तर अगदी जमिनीवरचं आहे. क्लाऊड म्हणजे दुसऱ्याच्या इमारतीत ठेवलेला, दुसऱ्याच्या मालकीचा संगणक, आणि जेवढा वापरला तेवढं मोजायचं भाडं.

या भाड्याच्या धंद्यावर आज अमेरिकेतल्या कित्येक मराठी घरांची चूल पेटते. माझीही. इथे एम.एस. केल्यानंतर गेली वीसेक वर्षं मी सल्लागार म्हणून याच क्षेत्रात आहे. म्हणून या धंद्याचा इतिहास थोडक्यात सांगावासा वाटला. तो नुसत्या यंत्रांचा इतिहास नाही. मालकी सोडून भाडं पत्करलं की काय मिळतं आणि काय हातचं जातं, याचाही आहे.

आधी गिरणी, मग जातं

आपल्याकडे पूर्वी घरोघरी जातं होतं. मग गावात गिरणी आली, आणि दळणाचा डबा डोक्यावर घेऊन जाणं सुरू झालं. संगणकाच्या बाबतीत गंमत अशी, की आधी गिरणीच होती.

१९६१ साली एमआयटीच्या शताब्दी समारंभात जॉन मॅकार्थी या शास्त्रज्ञाने एक भाकीत केलं. टेलिफोनसारखीच संगणकाची सेवाही एक दिवस सार्वजनिक होईल, आणि लोक वापरापुरते पैसे देतील, असा त्याचा आशय होता. हे हवेतलं बोलणं नव्हतं. त्याच वर्षी एमआयटीतच फर्नांडो कॉर्बाटो यांनी एक महागडा संगणक अनेकांनी एकाच वेळी वापरण्याची पद्धत, म्हणजे टाइम-शेअरिंग, करून दाखवली. १९६४ मध्ये डार्टमथ कॉलेजात अशाच यंत्रणेवर बेसिक ही भाषा जन्मली. आपल्यापैकी बऱ्याच जणांनी संगणकाची बाराखडी गिरवली ती तिच्यातच. थोड्याच काळात जनरल इलेक्ट्रिक आणि कॅलिफोर्नियाची टाइमशेअर यांसारख्या कंपन्या संगणकाचा वेळ चक्क विकू लागल्या. गिऱ्हाइकाच्या ऑफिसात टाइपरायटरसारखं एक यंत्र असायचं, टेलिफोनच्या तारेने ते दूरच्या संगणकाला जोडलेलं असायचं, आणि वापराप्रमाणे बिल यायचं.

पण पुढे संगणक स्वस्त होत गेले. आधी मिनी कॉम्प्युटर आले, १९८१ मध्ये आयबीएमचा पीसी आला, आणि प्रत्येक कंपनीला वाटू लागलं, ‘आपलं जातं आपल्या घरी असलेलं बरं.’ नव्वदीच्या दशकात Y2Kच्या कामासाठी आपली मंडळी विमानं भरभरून इथे आली, तेव्हा जवळजवळ प्रत्येक मोठ्या कंपनीत काचेच्या भिंतींमागे थंडगार खोली होती, आणि त्या खोलीची किल्ली सांभाळणारी माणसं होती.

घाईने उघडलेली दुकानं

गिरणी पुन्हा सुरू करायचा प्रयत्न डॉट-कॉमच्या तेजीत झाला. १९९४ मध्ये के. बी. चंद्रशेखर आणि बी. व्ही. जगदीश या दोन भारतीयांनी एक्सोडस ही कंपनी काढली. इतरांचे सर्व्हर आपल्या इमारतीत ठेवून सांभाळायचे, हा तिचा धंदा. १९९९ मध्ये मार्क अँड्रीसन, बेन हॉरोविट्झ आणि मंडळींनी लाऊडक्लाऊड काढली. नावातच क्लाऊड! त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत मार्क बेनिऑफ यांनी सेल्सफोर्स सुरू केली. सॉफ्टवेअरच्या सीड्या विकत घेऊ नका, ब्राउझर उघडा आणि महिन्याचे पैसे भरा, असा त्यांचा प्रचार होता.

२००० साली फुगा फुटला. एक्सोडसने २००१ मध्ये दिवाळखोरी जाहीर केली. लाऊडक्लाऊडने २००२ मध्ये आपला मूळ सेवा-व्यवसाय ईडीएसला विकून टाकला. सेल्सफोर्स तेवढी तगली. पण हा पैसा पुरता पाण्यात गेला नाही. त्या तेजीत जमिनीखाली घातलेल्या फायबर ऑप्टिक तारा तशाच राहिल्या. वर्ल्डकॉम आणि ग्लोबल क्रॉसिंग २००२ मध्ये बुडाल्या, तारा मात्र बुडाल्या नाहीत. गिरणी बंद पडली, पण गिरणीपर्यंतचा रस्ता तयार होता.

दहा सेंटची क्रांती

माझी पहिली नोकरी याच सुमाराची. एक नवा सर्व्हर हवा असेल तर आधी अर्ज, मग वरिष्ठांची सही, मग अर्थखात्याची सही, मग ऑर्डर, मग ट्रक. खोके उघडून, यंत्र रॅकमध्ये बसवून, वायरी जोडून ते चालू व्हायला दोन-अडीच महिने सहज लागायचे. आणि वर्षातले चार दिवस गर्दी होते म्हणून त्या चार दिवसांच्या मापाचं यंत्र घ्यायचं. उरलेलं वर्षभर ते नुसतंच वीज खात बसायचं.

मार्च २००६ मध्ये सिएटलच्या अमेझॉनने एस-थ्री ही साठवणुकीची सेवा उघडली. दर होता एका गिगाबाइटला महिन्याला १५ सेंट. ऑगस्टमध्ये ईसी-टू आली. एक संगणक भाड्याने, तासाला १० सेंट. क्रेडिट कार्ड द्या, पाच-दहा मिनिटांत यंत्र हजर, काम झालं की बंद करा. ईसी-टूचं मूळ काम झालं होतं दक्षिण आफ्रिकेत केपटाऊनला, ख्रिस पिंकहॅम यांच्या गटाकडून. पुस्तकं विकणाऱ्या कंपनीला हे सुचलंच कसं? नाताळच्या गर्दीसाठी घेतलेली यंत्रं एरवी पडून असायची म्हणून ती भाड्याने दिली, ही कथा आजही पार्ट्यांमध्ये ऐकू येते. अमेझॉनचे तंत्रप्रमुख वर्नर व्होगल्स यांनीच ती खोडून काढली आहे. खरं कारण साधं होतं. कंपनीतला प्रत्येक गट तोच पाया पुन्हा पुन्हा खणत होता. तो एकदाच नीट बांधला, तर बाहेरच्यांनाही विकता येईल, हे त्यांनी हेरलं.

पुढच्याच वर्षी न्यूयॉर्क टाइम्सने आपल्या जुन्या अंकांतल्या १ कोटीहून अधिक लेखांच्या पीडीएफ करायला ईसी-टूवर १०० यंत्रं घेतली. दिवसभरात काम फत्ते. १०० यंत्रं, २४ तास, १० सेंट, म्हणजे यंत्रांचं भाडं २४० डॉलरच्या घरात! त्याच २००७च्या उन्हाळ्यात बृहन्महाराष्ट्र मंडळाचं अधिवेशन सिएटललाच भरलं होतं. आपण तिथे नाटकं पाहत होतो, आणि त्याच शहरात आपल्या पोटापाण्याचा नकाशा बदलत होता.

मंदीने दिलेला हात

२००८ची मंदी अनेक घरांना पोळून गेली. क्लाऊडला मात्र तिचा फायदा झाला. बँका कर्ज देईनात, तेव्हा लाखो डॉलरची यंत्रं आधी घेण्यापेक्षा महिन्याचं बिल बरं वाटू लागलं. त्याच ऑगस्टमध्ये नेटफ्लिक्सचा डेटाबेस बिघडला, आणि तीन दिवस त्यांना गिऱ्हाइकांना डीव्हीडी पाठवता आल्या नाहीत. त्या धक्क्यातून त्यांनी अमेझॉनवर जायचं ठरवलं. ते स्थलांतर संपायला जानेवारी २०१६ उजाडलं. गूगलने २००८ मध्ये ॲप इंजिन आणलं. मायक्रोसॉफ्टने त्याच वर्षी अझूर जाहीर केलं आणि २०१० मध्ये विक्रीला काढलं.

तरी बँका, विमा कंपन्या आणि इस्पितळं कचरत होती. ‘आमचा डेटा परक्याच्या घरात?’ हा प्रश्न मी अनेक बैठकांमध्ये ऐकला आहे. ही भीती मोडण्यात सरकारचा मोठा वाटा आहे. दिल्लीत जन्मलेले विवेक कुंद्रा २००९ मध्ये अमेरिकी सरकारचे पहिले मुख्य माहिती अधिकारी झाले. डिसेंबर २०१० मध्ये त्यांनी ‘क्लाऊड फर्स्ट’ धोरण आणलं. सरकारच्या ८,००० कोटी डॉलरच्या वार्षिक आयटी खर्चापैकी २,००० कोटींचं काम क्लाऊडवर नेता येईल, असा त्यांचा अंदाज होता. २०११ मध्ये निस्ट या सरकारी संस्थेने क्लाऊड कशाला म्हणायचं याची व्याख्या पक्की केली. आणि २०१३ मध्ये चक्क सीआयएचं सुमारे ६० कोटी डॉलरचं कंत्राट अमेझॉनला मिळालं. आयबीएमने हरकत घेतली, प्रकरण कोर्टात गेलं, पण कंत्राट अमेझॉनकडेच राहिलं. गुप्तहेरांना चालतं म्हटल्यावर बँकांना न चालायला काय झालं?

एप्रिल २०१५ मध्ये अमेझॉनने क्लाऊडचे आकडे पहिल्यांदा वेगळे दाखवले. एका तिमाहीत १५७ कोटी डॉलरची विक्री आणि २६ कोटींहून अधिक नफा. वॉल स्ट्रीट चाट पडली. २०२४ या वर्षात हीच विक्री १०,७०० कोटींच्या पुढे गेली. मधल्या काळात सत्या नाडेला २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टचे प्रमुख झाले, थॉमस कुरियन २०१९ मध्ये गूगल क्लाऊडचे. आज जगभरच्या या बाजारातला साठ टक्क्यांहून अधिक हिस्सा या तीन अमेरिकी कंपन्यांकडे आहे.

गिरणीची किंमत

इथवर सगळी चढती कमान झाली. आता दुसरी बाजू.

पहिली किंमत माणसांची. मी काम केलेल्या एका विमा कंपनीत त्या थंडगार खोलीची देखभाल बारा जण करत होते. क्लाऊडवर जाऊन झाल्यावर चार उरले. त्यातल्या काहींनी नवीन विद्या शिकून घेतली, त्यांचे पगार वाढले. पण पन्नाशी ओलांडलेल्या, एच-वनवर उमेदवारी करून ग्रीन कार्डपर्यंत पोचलेल्या एका सहकाऱ्याला मुलाच्या कॉलेजच्या पहिल्याच वर्षी नोकरी शोधत फिरावं लागलं. त्याच्या कामात खोट नव्हती. त्याच्या हातातली किल्लीच निरुपयोगी झाली होती.

दुसरी किंमत अवलंबून राहण्याची. २८ फेब्रुवारी २०१७ रोजी व्हर्जिनियात एका कर्मचाऱ्याच्या टायपिंगच्या चुकीने एस-थ्री सुमारे चार तास कोलमडली, आणि देशभरातल्या असंख्य वेबसाइट ठप्प झाल्या. २० ऑक्टोबर २०२५ला त्याच भागातल्या यंत्रणेतल्या बिघाडाने पुन्हा तसाच गोंधळ झाला. आणखी एक मेख: डेटा आत न्यायला फुकट, बाहेर काढायला पैसे. २०२४च्या सुरुवातीला तिन्ही कंपन्यांनी कायमच्या निघून जाणाऱ्यांसाठी हा आकार सोडला, पण तोवर बहुतेकांचं बिऱ्हाड पक्कं बसलं होतं. मोठ्यांना बाहेर पडणं परवडतं. ड्रॉपबॉक्सने अमेझॉनवरचा बराचसा पसारा स्वतःच्या यंत्रांवर हलवला, आणि दोन वर्षांत सुमारे साडेसात कोटी डॉलर वाचवले. लहानांना ते जमत नाही.

तिसरी किंमत जमिनीची, आणि ती आपल्याला ओळखीची वाटावी. एके काळी मुंबईच्या प्रत्येक कापड गिरणीत स्वतःचं वाफेचं इंजिन असायचं. १९१५ मध्ये टाटांच्या खोपोलीच्या केंद्रातून सह्याद्रीच्या पावसाची वीज मुंबईत आली, आणि गिरण्या भराभर भाड्याच्या विजेवर गेल्या. कंपन्यांनी क्लाऊडवर जावं तशाच! पुढे विजेची मागणी वाढली, मुळशीला धरण बांधायचं ठरलं, आणि १९२१ मध्ये जमिनी बुडणारे मावळे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रहाला बसले. धरण झालंच. मुंबईत दिवे लागले, मुळशीत गावं बुडाली.

व्हर्जिनियातल्या लाउडन काउंटीतलं ॲशबर्न ही आजची खोपोली. नव्वदीच्या सुरुवातीला जवळच्याच टायसन्स कॉर्नरला, एका पार्किंग गॅरेजमध्ये, इंटरनेटची एक मोठी जोडणी होती. तिच्या आधाराने या भागात तारा आल्या, तारांमागून डेटा सेंटर आली. आज तिथे बिनखिडक्यांच्या प्रचंड इमारतींच्या रांगाच रांगा आहेत, आणि त्यांच्या शेजारच्या वसाहतींत आपली कितीतरी कुटुंबं राहतात. त्यांच्यावरच्या करातून काउंटीला घसघशीत उत्पन्न मिळतं, हे खरं. पण लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेच्या अहवालानुसार २०२३ मध्ये देशातली ४.४ टक्के वीज डेटा सेंटरांनी वापरली, आणि २०२८ पर्यंत हे प्रमाण ६.७ ते १२ टक्क्यांवर जाऊ शकतं. कृत्रिम बुद्धिमत्तेची भूक वेगळीच आहे. शेजारच्या प्रिन्स विल्यम काउंटीत मनॅससच्या युद्धभूमीलगत डेटा सेंटरांचा मोठा प्रकल्प २०२३ अखेर मंजूर झाला. रहिवासी कोर्टात गेले, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ती मंजुरी रद्द ठरवली. लाउडनची तुलना मुळशीशी तंतोतंत होणार नाही. इथे कुणाचं घर पाण्याखाली जात नाही. पण सोय एकाची आणि झळ दुसऱ्याला, हे गणित जुनंच आहे.

मग क्लाऊड वाईट का? मुळीच नाही. गॅरेजमध्ये बसलेल्या दोन पोरांना मोठ्या बँकेच्या तोडीची यंत्रं तासाच्या भाड्याने मिळावीत, ही लहानसहान गोष्ट नाही. घरच्या जात्यावर पहाटे उठून दळणाऱ्या आपल्या पणजीला गिरणी आली तेव्हा आनंदच झाला असेल. फक्त गिरणीत दळण टाकताना तिला गिरणीवाला कोण, भाव काय आणि पीठ आपलंच परत आलं का, हे नीट ठाऊक असायचं. तेवढी जागरूकता आपण दाखवायला हवी.

मंडळाच्या कार्यकारिणीला एक आग्रहाची विनंती. सभासदांच्या याद्या, जुन्या स्मरणिका, नाटकांच्या चित्रफिती जरूर क्लाऊडवर ठेवा. पण त्यांची एक प्रत आपल्याच एखाद्या सभासदाच्या कपाटात, साध्या हार्ड डिस्कवर असू द्या, आणि खात्याचा पासवर्ड एकट्या सेक्रेटरीकडे ठेवू नका. दर वर्षी नवीन समितीकडे हिशेबाच्या वह्यांबरोबर तीही सोपवा. खर्च शंभर डॉलरच्या आसपास, आणि काम एका शनिवारचं.